कॉम्प्युटर म्हणतोय, मग झालं!

मित्रहो, कॉलेजच्या वार्षिकांकात कुणी कॉम्प्युटरवरच्या आलेखांविषयी लिहू लागला, तर ‘हा विषय कॉमर्सच्या नाहीतर सायन्सच्या मुलांना सोडून द्यावा’ असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. वर्षापूर्वी मलाही तेच वाटले असते. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. इतिहास आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई चौथीपर्यंत शिकली, वडील तेवढेही नाहीत. त्यामुळे छापील अक्षराचा, आणि त्याहूनही अधिक पडद्यावर उमटलेल्या रंगीत चित्राचा, आमच्या घराला एक धाक आहे. त्या धाकापायी माझ्या हातून एक चूक घडली. ती प्रांजळपणे सांगावी आणि तिच्यातून मला जे पटले ते आपल्यापुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मी एका दूध संस्थेच्या ऑफिसात काम करतो. त्यावर माझी फी आणि एस.टी.चा पास निघतो. संस्थेकडे तीन ठिकाणांहून दूध येते. गावठाण, खालचा मळा आणि वरची वाडी. गावठाणात आणि मळ्यात वजनाचे आणि फॅटचे यंत्र आहे. तिथले आकडे यंत्रातूनच फाईल होऊन येतात. वाडीला मात्र अजून कागदाचा कारभार. संध्याकाळी टेम्पो दुधाचे कॅन घेऊन खाली येतो, त्याबरोबर एक चिठ्ठी येते. त्या चिठ्ठीवरचा आकडा मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या तक्त्यात भरतो आणि महिना संपला की संचालकांच्या सभेसाठी एक आलेख काढून देतो. तीन ठिकाणांचे तीन रंगांचे खांब. सभेत तो कागद सगळ्यांच्या हातात फिरतो, तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असे वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सभेत माझा आलेख फिरला. वाडीच्या संध्याकाळच्या दुधाचा खांब मार्चमध्ये २,१७० लिटरचा होता, एप्रिलमध्ये तो १,४६० वर आला आणि मेमध्ये थेट ९१० वर. चेअरमन अण्णांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “वाडीचं दूध निम्म्याच्याबी खाली गेलं की! एवढ्या दुधासाठी रोज संध्याकाळी टेम्पो वर धाडायचा? डिझेल तरी सुटतंय का?”

एक म्हातारे संचालक म्हणाले, “पण अण्णा, वाडीला गुरं तर हायेत तेवढीच हायेत.”

“कॉम्प्युटर म्हणतोय, मग झालं! त्याला काय कुणाची भीडभाड हाय?” अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले, “काय रं पोरा, बरोबर हाय न्हवं?”

मी म्हणालो, “होय अण्णा.”

मित्रहो, आमचे घर त्याच वरच्या वाडीत आहे. माझी आई रोज संध्याकाळी त्याच टेम्पोच्या कॅनमध्ये दूध घालते. दूध निम्म्यावर आलेले नाही हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. तरीही मी ‘होय’ म्हणालो. टेम्पो बंद करायचा की नाही हे डिझेलचा हिशेब पाहून आठवड्याने ठरवायचे, असे म्हणून सभा संपली. टेम्पो बंद झाला असता तर वाडीतल्या बायकांना किटल्या घेऊन तीन किलोमीटर उतार चालत यावे लागले असते, तेही पाऊस तोंडावर आलेला असताना आणि परत जाताना अंधारात.

रात्री जेवताना मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, “किटली तर तेवढीच भरतीया. उन्हाळ्याचं वाटीभर कमी झालं असंल, पण निम्मं? कुणी लिवलं ते?”

“कॉम्प्युटरवर आलंय आई.”

“कॉम्प्युटर काय वाडीला आला हुता दूध मोजायला? चिठ्ठी कुणी लिवली?”

हा प्रश्न मला सभेत सुचला नव्हता. इतिहासाच्या तासाला आमचे सर एखादे जुने पत्र वाचून दाखवतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतात. हे कुणी लिहिले, केव्हा लिहिले, कुणासाठी लिहिले? मी तो वहीत टिपून घेतो, परीक्षेत त्यावर गुणही मिळवतो. पण माझ्याच हाताने काढलेल्या आलेखाला तो विचारावा, हे माझ्या आईला सुचले. मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी आधी तेच केले, जे सगळे करतात. आलेख पुसून पुन्हा काढला. खांबांच्या जागी रेषा काढून पाहिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चित्र बदलेना! मग सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि तक्त्याशेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहू लागलो. आकडे सगळे बरोबर होते, एकही चुकलेला नव्हता. आणि तरीही बेरीज चूक होती. माझी मती गुंग झाली.

तासाभराने लक्षात आले ते असे. एप्रिलच्या मध्यापासून वाडीला चिठ्ठी लिहिणारे दोघे झाले होते. एक आठवडा एकाचा, एक आठवडा दुसऱ्याचा. पहिला नुसता आकडा लिही, ‘६१’. दुसऱ्याचे अक्षर सुंदर आणि काम नीटनेटके. तो लिही, ‘६१ लि.’. मीही नेमका तसाच नीटनेटकेपणा दाखवला होता आणि ‘लि.’सकट आकडा तक्त्यात उतरवला होता. आपल्या दृष्टीने दोन्ही एकच. एक्सेलच्या दृष्टीने मात्र ‘६१’ ही संख्या आहे आणि ‘६१ लि.’ हा मजकूर आहे, जसे एखाद्याचे नाव किंवा गाव. बेरजेचे सूत्र असा मजकूर मुकाट्याने वगळते. चूक झाली म्हणून ओरडत नाही, लाल खूण करीत नाही. बेरीज न करता असे घर थेट आलेखात घेतले, तर तिथे शून्याचा बिंदू उमटतो. म्हणजे वाडीचे निम्मे दूध माझ्या ‘लि.’ने सांडले होते!

याची एक साधी खूण असते, तीही मीच पुसून टाकली होती. एक्सेलमध्ये संख्या आपोआप घराच्या उजव्या कडेला बसते आणि मजकूर डाव्या कडेला. तक्ता सुंदर दिसावा म्हणून मी सगळे आकडे मधोमध आणून ठेवले होते. मग मी ‘काउंट’ हे मोजणीचे सूत्र घातले. ते फक्त संख्या असलेली घरे मोजते. मे महिन्याची भरलेली घरे ३१, सूत्राचे उत्तर १५. सोळा दिवसांचे दूध मजकुरात अडकले होते. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने ‘लि.’ आणि त्याच्या आधीची मोकळी जागा काढून टाकली, तसा वाडीचा खांब डोळ्यांदेखत उंच झाला. एप्रिल १,९९०, मे १,८५०. बिले वेगळ्या वहीवरून निघत असल्याने कुणाचा पैसा बुडाला नव्हता. पण त्यामुळेच ही चूक दीड महिना कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

सेक्रेटरी काकांना मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “काल अण्णांनी विचारलं, तेव्हा का गप्प बसलास?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या सभेत नवा कागद फिरला. मी चूक माझी असल्याचे सांगितले आणि हेही सांगितले की, वाडीचे दूध शेकडा पंधराने खरोखरच कमी झाले आहे. ते झाकून ठेवले असते तर दुसरा खोटेपणा झाला असता. टेम्पो चालू राहिला आणि बोलणे उन्हाळ्यातल्या ओल्या चाऱ्याकडे वळले. खरा प्रश्न तोच होता!

तेव्हापासून मी एक छोटी वही ठेवली आहे. आलेख बिघडला की त्याचे कारण तीत लिहून ठेवतो. आज वहीची बरीच पाने भरली आहेत. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. बिघाड बहुतेक वेळा चित्रात नसतो. तो तक्त्यात असतो, नाहीतर तक्ता आणि चित्र यांच्यामधल्या वाटेवर असतो.

कधी नव्या महिन्याची ओळ तक्त्याच्या खाली भरली जाते, पण आलेख जुन्याच ओळींवर थांबलेला असतो. आलेखावर क्लिक केले की तक्त्यात त्याने घेतलेल्या घरांभोवती रंगीत चौकट दिसते. ती कुठवर पोहोचली हे आधी पाहावे. कधी कुणीतरी गाळणी लावून, म्हणजे फिल्टर लावून, काही ओळी लपवलेल्या असतात. एक्सेल लपलेल्या ओळी आलेखात धरीत नाही, जोवर ‘सिलेक्ट डेटा’मध्ये जाऊन आपण तसे सांगत नाही. कधी सूत्रे आपोआप चालायची बंद करून ठेवलेली असतात. मग आकडे बदलले तरी चित्र जुनेच राहते आणि ‘एफ नाइन’ दाबल्यावर जागे होते.

तारखांचा घोळ तर फारच फसवा. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. कॉम्प्युटरवर अमेरिकी पद्धत ठेवलेली असेल, तर ५/४ म्हणजे पाच एप्रिल न होता चार मे होतो. आणि १३/४/२०२४ असे लिहिले तर तेरावा महिनाच नसल्याने ती तारीख न राहता मजकूर होऊन बसते. आलेखातले दिवस मग जत्रेतल्या पोरांसारखे वाट फुटेल तिकडे जातात. तारखेऐवजी ४५२९२ असा आकडा दिसला, तर घाबरू नये. एक्सेल तारखा क्रमांकाने ठेवते आणि हा १ जानेवारी २०२४ चा क्रमांक आहे. फक्त त्या घराचा पोशाख बदलायचा.

रिकाम्या घराचेही असेच. टेम्पो आलाच नाही तो दिवस आणि टेम्पो येऊन शून्य लिटर दूध भरले तो दिवस हे दोन वेगळे दिवस आहेत. रिकाम्या घराच्या जागी आलेखात खंड ठेवायचा, शून्य दाखवायचे की शेजारचे बिंदू रेषेने जोडायचे, हे एक्सेल आपल्याला ठरवू देते. पण ठरवणार कोण? ज्याला त्या दिवशी काय घडले हे ठाऊक आहे, तोच.

आणि शेवटी मोजपट्टी. गाईच्या दुधाचा फॅट साडेतीन-चारच्या आसपास असतो आणि लिटर शेकड्यांनी, हजारांनी. दोन्ही एकाच मोजपट्टीवर काढले, तर फॅटची रेषा तळाशी सपाट झोपलेली दिसते. फॅट वाढला काय नि घटला काय, कळतच नाही. त्याला उजवीकडे वेगळी मोजपट्टी द्यावी लागते. उलट, आकड्यांमध्ये फरक थोडाच असेल, तर एक्सेल डावीकडची मोजपट्टी शून्याऐवजी वरच्याच आकड्यापासून सुरू करते. मग १,९०० आणि १,८५० मधला फरक दुप्पट-तिप्पट वाटतो आणि सभेत उगाच आरडाओरडा होतो.

आपण म्हणाल, हे झाले खेड्यातल्या एका दूध संस्थेतल्या शिकाऊ पोराचे. मोठ्या ठिकाणी असे होत नसेल. मलाही तसेच वाटे. पण अर्थशास्त्राच्या सरांनी एक हकीकत सांगितली आणि माझा न्यूनगंड बराच कमी झाला. २०१० साली अमेरिकेतल्या कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ९० च्या वर गेले, तर देशाची वाढ खुंटते, असा त्याचा मथितार्थ. सरकारी खर्चाला कात्री लावावी असे म्हणणाऱ्या अनेक राजकारण्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करून पाहिले, तर ते जुळेना. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेलची फाईल मागवली. पाहतो तो काय, सरासरीच्या सूत्राने पाच देशांच्या ओळी घेतल्याच नव्हत्या! चौकट अपुरी पडली होती. ही चूक आणि पद्धतीतले आणखी काही दोष दुरुस्त केल्यावर, जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के आली. एक्सेलमधली चूक त्या दोन्ही अर्थशास्त्रज्ञांनी मान्य केली. बाकीच्या दोषांवर मात्र वाद चालू राहिला.

दुसरी हकीकत इंग्लंडमधली. २०२० साली कोरोनाच्या साथीत तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने प्रयोगशाळांकडून आलेले आकडे एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ओतले. त्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळाल्या आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गायब झाले. त्या दिवसांचा आलेख खऱ्याहून बुटका दिसला आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधायला उशीर झाला. माझ्या ‘लि.’मुळे टेम्पो अडला असता. तिथे माणसांच्या जिवाशी गाठ होती.

या दोन्ही हकीकतींत यंत्र बिघडले नव्हते. यंत्राने सांगितले तेच केले. बिघडली होती ती विचारण्याची सवय. हर्नडन मोठा ठरला तो कॉम्प्युटर अधिक येत होता म्हणून नव्हे. मोठ्या माणसांनी छापले आहे म्हणून तो गप्प बसला नाही, ‘तक्ता दाखवा’ म्हणाला, म्हणून!

माझे म्हणणे इथेच येऊन ठेपते. आलेख हे विधान आहे. ‘वाडीचे दूध निम्म्यावर आले’ हे वाक्य कुणी तोंडाने म्हटले असते, तर तिथल्या चार माणसांनी ‘कशावरून?’ म्हणून विचारले असते. तेच वाक्य निळ्या खांबाच्या रूपाने आले, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. विधानाची परीक्षा घेणे हे तर कला शाखेचे काम! तर्कशास्त्रात आपण दुसरे काय शिकतो? इतिहासात साधनांची चिकित्सा म्हणजे दुसरे काय? आलेखाची रीत रूढ झाली तीही काही केवळ प्रयोगशाळेत नव्हे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आणि खर्चाचे आकडे रेषांत आणि खांबांत मांडून पुस्तक काढले. आर्थिक इतिहासाचाच तो विषय. मग आलेख पाहिला की ‘ते आमचे काम नाही’ असे आपण का म्हणावे?

माझे काही मित्र म्हणतात, “अरे, आता हे सगळे कॉम्प्युटर आपणहून करील, तुला शिकायचे काय कारण?” करील, जरूर करील. पण वाडीला चिठ्ठी लिहिणारे दोघे आहेत हे त्याला कोण सांगणार? किटली तेवढीच भरते हे त्याला कसे दिसणार? यंत्र जितके सफाईने चित्र काढील, तितका आपला संशय झोपेल, अशी मला भीती वाटते. वाकड्या हाताने काढलेल्या आलेखावर लोक निदान पुन्हा नजर तरी टाकत.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. या कॉलेजात आपल्या घरातले पहिलेच असे आपण पुष्कळजण आहोत. आपल्याला विचारायची लाज वाटते. प्रश्न विचारला तर ‘याला येत नाही’ असे कळेल, अशी धास्ती असते. पुढे आपण कुठल्या ना कुठल्या ऑफिसात, बँकेत, ग्रामपंचायतीत, संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसणार. कुणी अण्णा आपल्याकडे वळून विचारणार, “बरोबर हाय न्हवं?” त्या वेळी ‘होय’ म्हणणे फार सोपे असते. ‘थांबा, एकदा तक्ता बघतो’ एवढे चार शब्द म्हणायला जे बळ लागते, ते कॉलेजने आपल्याला दिले पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. अर्थशास्त्राच्या, भूगोलाच्या, इतिहासाच्या तासाला आलेख दाखवाल, तेव्हा त्याच्या मागचा तक्ताही एकदा दाखवा, आणि एखादे वेळी मुद्दाम एक आकडा बिघडवून ठेवा. तो आम्हाला शोधू द्या. आणि मित्रहो, आपण आलेख काढू तेव्हा त्याच्याखाली तीन गोष्टी लिहू या: आकडे कुठून आले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत आणि कुणी भरले. यासाठी ना पैसा लागतो ना नवे यंत्र.

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनीच शाळेत केला आहे. मी मात्र कांकण झाकून आरशाला ‘होय’ म्हणालो. आता दर महिन्याला सभेसाठी आलेख काढतो, तेव्हा छापण्यापूर्वी वाडीचा आकडा आईला विचारून घेतो. ती किटलीकडे बघते, मनाशी हिशेब करते आणि म्हणते, “हां, एवढं असंल.” मगच मी कागद छापायला घालतो.

(एस. वाय. बी. ए.)